सिमचा पत्ता बदलला की

पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आले, तेव्हा माझ्याकडे दवाखान्यांमधल्या लसींच्या फ्रिजचं काम आलं. प्रत्येक फ्रिजचं तापमान सिमकार्डवर चालणाऱ्या राऊटरमधून तारनाक्याच्या आमच्या ऑफिसात दिसायचं. अफझलगंजजवळच्या एका छोट्या दवाखान्याचे आकडे मात्र वरचेवर बंद पडायचे. मग मी तिथल्या वयस्कर नर्सबाईंना फोन करायचे, त्या राऊटर बंद करून चालू करायच्या, की आकडे पुन्हा सुरू.

एकदा मी समक्ष गेले. राऊटर कपाटाच्या वर होता. माझ्यादेखत बाई गुडघा दाबत स्टुलावर चढल्या. मला लाजच वाटली.

"आपा, आप हर बार ऐसा चढते?"

"हमेशाकाच है मॅडम. आपका फोन आया तो चढती."

मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "चालतंय ना? मग चालू दे."

"नाही सर. आज हे मिटवूनच येते."

राऊटर खाली घेतला आणि लॅपटॉप जोडून बसले. तासाभरात दुखणं सापडलं. नेटवर्क तुटून परत आलं की मोबाइल कंपनी त्या सिमला नवा आयपी पत्ता द्यायची. राऊटर तो घ्यायचा, पण आमच्या सर्व्हरशी असलेली त्याची जोडणी जुन्याच पत्त्याला धरून बसायची. पत्ता बदलताच ती तोडून नव्याने जोडणारा छोटा प्रोग्रॅम मी लिहिला आणि सिम काढून घातलं. जमलं नाही. नवा पत्ता हाती यायच्या आधीच प्रोग्रॅम पळत होता. त्याला थांबायला लावलं.

पुन्हा सिम काढलं, घातलं. दर वेळी आपा फ्रिजवरचा आकडा मोठ्याने वाचायच्या, मी स्क्रीनवरचा. सलग दहा वेळा जुळल्याशिवाय उठायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सातव्यांदा चुकलं, नेटवर्क लागोपाठ दोनदा तुटलं होतं. तेवढी दुरुस्ती करून लॅपटॉप मांडीवर घेतला, तर आपाच म्हणाल्या, "फिरसे एक से गिनो."

पाच वाजता दहा पुरे झाले.

"अब नक्को चढो," मी म्हटलं.

"हौ," म्हणत त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या.

नंतरच्या पंधरवड्यात तिथला पत्ता चारदा बदलला, आकडे एकदाही थांबले नाहीत. साहेबांनी ते बघितलं आणि बाकीच्या दवाखान्यांतही तेच करायला मला सांगितलं. मी ऑफिसात बसूनच एकेक राऊटर हाती घेतला. एका ठिकाणी घाई नडली आणि राऊटर पार गप्प झाला, ऑफिसातून काही करता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप पिशवीत टाकला आणि तिकडची बस पकडली.