हिंमतच्या उजव्या पायाची दोन बोटं

ग्लेशियरवर जायचा हुकूम आला तेव्हा आमची बटालियन पंजाबात होती. नोटीस बोर्डावर यादी लागली. हिंमतचं नाव तिसरं, माझं चौथं. दोघेही लान्स नाईक, पण मी त्याच्यापेक्षा तीन महिन्यांनी सीनियर. क्लार्कने टाइप करताना नावं खालीवर केली होती, बाकी काही नव्हतं. तरी मी ती यादी दोनदा वाचली आणि त्या दिवशी जेवण नीट गेलं नाही.

मी उत्तम, रावेर तालुक्यातला. आमची केळी. हिंमत दोंडाईच्याजवळच्या गावचा, त्यांची मिरची आणि कापूस. कंपनीत खानदेशातले आम्ही दोघंच, म्हणून सुभेदार साहेबांनी आमची बडी जोडी लावली. बडी म्हणजे जोडीदार. खाणं, झोपणं, ड्यूटी बरोबर. एकाला काही झालं तर पहिला जाब दुसऱ्याला. दोघांची बोली एक नव्हती. 'आहे'ला तो 'शे' म्हणायचा, मी 'हाये' म्हणायचो, आणि दोघं एकमेकांना अडाणी ठरवायचो.

मला त्याचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

आता मी जळगावला एका दाळ मिलच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. पारा आठ-नऊवर आला की हमाल मंडळी शेकोटीभोवती बसतात आणि विचारतात, "भाऊ, तुमच्या तिकडे याच्यापेक्षा जास्त असते का थंडी?" मी हो म्हणतो आणि चहा पितो. गावाकडची थंडी मला माहीत आहे. ती माणसापेक्षा केळीला जास्त लागते. पानं करपतात, घड काळे पडतात. आम्ही त्याला चरका म्हणतो. चरक्याच्या दिवसांत वडील पहाटे मोटार चालू करून बागेला पाणी सोडायचे. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं. ते पाटातून फिरलं की जमिनीला ऊब येते आणि बाग वाचते. मी चप्पल काढून त्या पाण्यात उभा राहायचो. बधीर झालेले पाय दोन मिनिटांत जिवंत व्हायचे. थंडीवर औषध म्हणजे कोमट पाणी, हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकलो.

पंजाबातली थंडी ओली. धुक्यात सेंट्री ड्यूटी करताना दहा पावलांवरचा माणूस दिसायचा नाही. माझी बोटं सुजून लाल व्हायची, रात्रभर खाजायची. हिंमत त्याच धुक्यात शीळ घालत उभा असायचा. त्याच्या बोटांना कधी काही झालं नाही.

वरची थंडी वेगळीच. जानेवारीत आमच्या पोस्टवर उणे पस्तीस सहज व्हायचं. अंडं भिंतीवर मारलं तरी फुटायचं नाही. टूथपेस्ट बुखारीजवळ, म्हणजे केरोसिनच्या शेगडीजवळ, धरल्याशिवाय नळीतून निघायची नाही. उघड्या हाताने रायफलला हात लावला तर कातडं तिथेच चिकटायचं. पहिले आठ दिवस आम्ही सगळे डोकं धरून बसलो, अन्न पोटात ठरेना. हिंमतने दुसऱ्याच दिवशी चार पराठे खाल्ले.

त्याच्या घरून ठेच्याचा डबा यायचा. सुभेदार साहेब जेवायला बसले की पहिली हाक, "हिंमत का ठेचा लाओ!" माझ्या आईने एकदा केळीचे वेफर्स पाठवले. हेलिकॉप्टरने खाली टाकलेल्या सामानात त्यांचा पार भुगा झाला. हिंमत तो भुगा बघून हसला. "व्हऊ दे रे भाऊ, चमचाघाई खाऊत." आणि खरंच चमच्याने खाल्ला, सगळ्यांना वाटला, सगळे हसले. वेफर्स माझ्या आईचे आणि वाहवा त्याची. असा माणूस जवळ असला की आपण किती साधे आहोत ते रोज कळतं.

मग कोर्सची गोष्ट निघाली. पहाडी युद्धाच्या शाळेत इन्स्ट्रक्टरचा कोर्स होता. कंपनीतून एकच जागा. साहेबांनी सांगितलं, पुढची लिंक पार्टी जो दोरावर पहिला राहून नेईल त्याचं नाव जाईल. लिंक पार्टी म्हणजे आमच्या पोस्टवरून पुढच्या पोस्टला डाक आणि औषधं पोहोचवणारी चौघांची तुकडी. चौघं एका दोराला बांधलेले. पहिला माणूस बर्फात काठी खुपसत रस्ता शोधतो, बाकीचे त्याच्या पावलावर पाऊल ठेवतात. मला ते काम येत होतं. मी सीनियर होतो. मी साहेबांसमोर सावधान उभा राहिलो.

"हिंमत लीड करेगा," साहेब म्हणाले. "उत्तम, तू यहाँ पोस्ट पर रेडिओ सेट संभाल."

"जी साहब."

दोन दिवस मी हिंमतशी कामापुरतं बोललो. पोस्टवर आम्ही अकरा जण. कोण कोणाशी बोलत नाही हे लपत नाही. स्वयंपाकी मला म्हणाला, "उस्ताद, आज ठेचा तुम्हाला जास्तच झोंबला वाटतं." सगळे हसले. मीही हसलो.

पार्टी निघायच्या आदल्या दिवशी, १६०० वाजता, बडी चेक झाला. हा रोजचा नियम. बूट-मोजे काढायचे आणि बडीने एकमेकांच्या हातापायांची बोटं बघायची, दाबायची. पांढरा डाग दिसला की ताबडतोब नर्सिंग असिस्टंटला रिपोर्ट. स्वतःच्या पायाचं स्वतःला कळत नाही, कारण दुखणंच बंद झालेलं असतं. म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात.

हिंमतच्या उजव्या पायाची शेवटची दोन बोटं मेणासारखी पांढरी होती. मी नखाने दाबलं. त्याला काही कळलं नाही.

"अरे, हे तं पांढरे पडले," मी म्हणालो.

त्याने वाकून पाहिलं. "कोनले सांगू नको, भाऊ. कोर्स जाई मना."

मी काय करायला हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. दहा पावलांवर नर्सिंग असिस्टंट बसला होता. पण मी सांगितलं असतं तर हिंमत पार्टीतून गेला असता आणि त्याच्या जागी मी आलो असतो. अख्खी पोस्ट म्हणाली असती, जळत होता, बडीचा पाय दाखवून जागा मिळवली. ते बोलणं मला सोसलं नसतं, कारण ते खरं होतं. मी जळत होतो.

आणखीही एक विचार आला होता. तो मी कुठल्याही भाषणात सांगितलेला नाही. जाऊ दे याला, लंगडत परत येईल, मग साहेबांना कळेल कोणाला पाठवायला हवं होतं. हा विचार फार वेळ टिकला नाही. पण आला होता.

"थांब," मी म्हणालो. "आमच्याकडे थंडीचं औषध हाये."

बुखारीवर बर्फ वितळवला. पाणी कोमट झालं की डब्यात ओतलं आणि त्याचा पाय त्यात बुडवून धरला. त्याला मी चरक्याची गोष्ट सांगितली, वडिलांची मोटार, पाटातलं पाणी, सगळं. अर्धा तास मी तो पाय दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. मग बोटं हळूहळू गुलाबी झाली. दुखून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यातच तो हसला.

"जित्ती व्हयनात रे! तू तं डॉक्टर शे."

दोन दिवसांनी आम्ही पहिल्यांदा नीट बोलत होतो. मला फार बरं वाटलं. माझ्या हातून त्याचं काही भलं झालं, आणि ते त्याला येत नव्हतं, मला येत होतं, याचं.

सकाळी ०६३० वाजता पार्टी निघाली. हिंमत दोरावर पहिला. वळून त्याने माझ्याकडे हात केला.

१०४० वाजता सेटवर त्याचाच आवाज आला. "पैर काम नहीं कर रहा. ओव्हर."

"किसका पैर? ओव्हर."

"मेरा. दाहिना. ओव्हर."

सुभेदार साहेबांनी माझ्या हातातून सेट घेतला. "कल बडी चेक में क्या था?" त्यांनी मला विचारलं.

"सब ठीक था, साहब."

माझ्या तोंडून एवढंच निघालं. परत फिरायला उशीर झाला होता, वारा सुटला होता. साहेबांनी हाफवे टेंट, म्हणजे अर्ध्या वाटेवरचा तंबू, गाठायला सांगितलं. १११५ ला समोरचं दिसेनासं झालं. हिंमत उभा राहू शकत नव्हता. बाकीचे तिघं त्याला दोराने ओढत होते, दर वीस पावलांना थांबत होते. टेंटमध्ये पोहोचायला १४२० झाले. एवढा वेळ तो वाऱ्यात बर्फावर आडवा होता.

माणूस दोन बोटांनी मरत नाही. पण बोटांमुळे तो थांबला, थांबल्यामुळे थंडी आत शिरली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीत पाणी भरू लागलं. उंचीवर ते होतं. त्यावर औषध एकच, ताबडतोब खाली नेणं. आम्ही हेलिकॉप्टर मागितलं. हवा खराब होती, ते येऊ शकलं नाही. तिसऱ्या सकाळी ०७०० वाजता त्याने सेट मागितला. साहेबांनी मला खुणेनं बोलावलं.

"उत्तम." श्वास तुटत होता. "कोर्सले आते तू जाय."

"मूर्खासारखं बोलू नको. हेलिकॉप्टर येऊन राह्यलं. ओव्हर."

पलीकडून उत्तर आलं नाही. ०७२० ला पार्टीतल्या जवानाने सेटवर कळवलं, लान्स नाईक हिंमत नहीं रहे. ०९०० वाजता आकाश स्वच्छ झालं.

खाली आल्यावर बेस हॉस्पिटलच्या डॉक्टरांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, गोठलेला पाय कोमट पाण्यात घालणं बरोबरच आहे, पण त्यानंतर त्या माणसाला चालवायचं नाही. उबवलेला पाय पुन्हा गोठला तर आधीपेक्षा कितीतरी वाईट. गोठलेल्या पायावर माणूस कदाचित पोहोचतोही. आमच्या बागेत पाणी सोडल्यावर ऊन निघायचं. तिथे ऊन नव्हतं, एवढा फरक मला सुचला नाही.

कोर्सला मी गेलो. दुसरं कोण जाणार होतं? इन्स्ट्रक्टर झालो. बॅचमागून बॅच जवानांना हेच शिकवलं, पाय चालवायचा असेल तर उबवू नका, उबवलात तर माणसाला उचलून न्या, आणि बडी चेकमध्ये दिसलं ते सांगा, लाजू नका. हे कुठे शिकलो ते कधी सांगितलं नाही.

हिंमतच्या गावात चौकात त्याचा अर्धपुतळा आहे. दर जानेवारीत कार्यक्रम होतो, शाळेतली मुलं येतात, आणि मला भाषणाला बोलावतात. मी धुळ्याला बस बदलून जातो. पुतळा अठ्ठावीस वर्षांचाच राहिला आहे. माझे गुडघे गेले, केस गेले. गाव मला 'हिंमतचा दोस्त' म्हणतं, माझं नाव फार थोड्यांना माहीत आहे. आणि लाज वाटते, पण सांगतो, हार घातलेल्या त्या पुतळ्याकडे बघून मला अजून हेवा वाटतो. तो दोरावर पहिला होता आणि पहिलाच राहिला.

या जानेवारीत कार्यक्रमानंतर नेहमीप्रमाणे अक्काकडे जेवलो. अक्का म्हणजे हिंमतची आई. ऐंशीच्या पुढे आहे. ओसरीवर ऊन होतं, ती मिरचीचे देठ मोडत होती. समोर ठेच्याची वाटी. मी तिला म्हणालो, "अक्का, एक सांगायचं राहिलंय." आणि सगळं सांगितलं. पांढरी बोटं, कोर्स, डबा, कोमट पाणी, साहेबांशी बोललेलं खोटं. तो दुसरा विचारही सांगितला.

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "इतला वरीस लागनात तुले हाई सांगाले?"

मी मान खाली घातली. उठून जावं की बसावं ते कळेना.

"त्याना पाय गरम व्हयना व्हता का?" तिने विचारलं. "तुना हातमा?"

"हो, अक्का. गुलाबी झाला होता. हसला होता तो."

तिने माझे हात ओढून घेतले आणि उलटेपालटे करून पाहिले.

"मना पोऱ्याना पाय मी तो धाकला व्हता तधळ धरेल व्हता. नंतर नई." तिने माझे हात सोडले नाहीत. "शेवट तू धरा व्हता. माले तुना हेवा वाटस."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी मागितलंही नाही. संध्याकाळच्या बसने परत आलो. दुसऱ्या दिवशी मिलच्या गेटवर शेकोटी पेटली होती. हमालांनी विचारलं, तुमच्या तिकडची थंडी कशी असते? मी स्टूल ओढलं आणि पहिल्यांदा नीट सांगितलं. लान्स नाईक हिंमत, राहणार दोंडाईच्याजवळ, दोरावर पहिला. त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं पांढरी होती. मी पाहिली होती.