गाळलेला परिच्छेद

मी लेखक नाही, दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप करणारा माणूस. हे लिहायचं धाडस केलंय, माफ करावं.

"विलास, नांदगावचे सर आलेत. फायनल प्रूफ आण, उद्या छपाईच्या प्लेट बनवायच्यात," प्रेसचे शेठ म्हणाले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पेठ तालुक्यातल्या आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. सकाळी कॉलेज, दुपारी नाशिकच्या एका प्रेसमध्ये डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं टाइप करायची. सरांची ती पहिली कादंबरी आमच्याकडे छपाईला आलेली. पाड्यावरून शहरात आलेला, आपण नक्की कोण हे शोधणारा एक मुलगा. टाइप करताना वाटायचं, यांना माझं सगळं कसं माहीत?

एका पानावर मी अडलो. बाप नागलीच्या भाकरी घेऊन होस्टेलवर येतो. मुलगा मित्रांना सांगतो, "गावचा कुणीतरी आहे."

दोनच महिन्यांपूर्वी द्राक्षांच्या कामाला आलेले माझे वडील प्रेसच्या दारात उभे होते. मी शेठना अगदी हेच सांगितलं होतं.

तो परिच्छेद मी टाइपच केला नाही.

प्रूफ तपासताना एकजण मूळ कागद मोठ्याने वाचतो, दुसरा प्रूफवर नजर ठेवतो. टाइप करणाऱ्याने वाचायचं नाही, हा नियम. पण प्रूफरीडर सुमनताईंचा घसा बसलेला. मी म्हणालो, "ताई, मी वाचतो." वाचतानाही तेवढं गाळलं. त्यांना कळणार कसं?

मी प्रूफ समोर ठेवलं, पण सरांनी पानं उघडलीसुद्धा नाहीत. "ताईंनी बघितलंय ना? मग झालं." 'छापा' लिहून सही करायला त्यांनी पेन काढलं.

"सर, थांबा. एक परिच्छेद राहिलाय."

"राहिला कसा?" सुमनताई चमकल्या.

"मी गाळला."

"गाळला? तू काय संपादक लागून गेलास काय रे?" शेठ भडकले.

"शेठ, त्या दिवशी दारात आले होते ना... ते माझे वडील होते."

सरांनी पेन मिटलं. मग खुर्ची माझ्या कॉम्प्युटरजवळ ओढली. "हा परिच्छेद मी तीनदा लिहून फाडलाय. माझ्या वडिलांना मीही तसंच म्हणालो होतो. बस. मी वाचतो, तू टाइप कर."

त्यांचा आवाज एकदाच अडखळला. इतक्या सरळ मनाचा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पुस्तक वेळेवर निघालं. स्वतः टाइप केलेलं मी आजही स्वतः तपासत नाही.

एक प्रत घरी दिली होती. वडिलांना वाचता येत नव्हतं, मीही काही बोललो नाही. वडील वारल्यावर बहिणीने सांगितलं, त्यांनी पुस्तक तिच्याकडून वाचून घेतलं होतं. त्या पानाशी तिला थांबवून म्हणाले होते, "हे मी प्रेसच्या दारातच ऐकलेलं. त्यानंच टाइप केलं ना? मग मिटलं. वाच पुढं."