तुळसाबाईंचा पाटा

तुळसाबाईंना खोटं बोलता येत नसे, आणि त्यांचं सगळं नुकसान त्यातूनच झालं. त्या ठाकुर्लीला आमच्या शेजारी राहायच्या. नवरा भिवाजी रेल्वेच्या वीजघरात कामाला. मूळची दोघंही कळव्याच्या मिठागरावरची. अठ्ठेचाळीसच्या वादळात खाडीकाठचं घर पडलं, माणसं वाचली, पाटा चिखलात राहिला. तो पाटा त्यांच्या आईचा होता. आई त्याच वर्षी गेली होती आणि तिची दुसरी वस्तू उरली नव्हती. मसाला काय, कुठल्याही दगडावर वाटता येतो. तुळसाबाईंना आईचा पाटा हवा होता.

चार वर्षांनी त्या तो आणायला गेल्या, तर कोणीतरी मिठागराच्या बांधावर काढून ठेवलेल्या पाट्याभोवती मेणबत्त्या, उदबत्त्या आणि हिरवी चादर! ख्रिस्ती मंडळी सांगत, एका जुन्या पाद्रीबाबांनी यावर गुडघे टेकले आणि भरती थांबली. मुसलमान मंडळी सांगत, एक पीरबाबा नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, यावर बसत. पुरावा दोघांचा एकच, दगडावरचे खळगे. ते खळगे तुळसाबाईंच्या आईनं पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईकडून दर दिवाळीला पाडून घेतलेले. आमचे हिंदू तरी मागे कसे राहतील? त्यांनी शेंदूर फासला होता.

तुळसाबाई तडक फादर मिंगेलांकडे गेल्या. “यो माजे आयचा पाटा हाय. मीनी ह्यावर मसाला वाटलाय.”

फादर भला माणूस. म्हणाले, “बाई, ते गुडघ्यांचं मलाही पटलेलं नाही. पण लोकांची श्रद्धा खोटी ठरवायचा अधिकार माझा नाही. बिशपसाहेबांना लिहितो.”

“बिशप वाटनार हायेत का मसाला?”

मग त्या मौलवींकडे गेल्या. मौलवींनी चहा दिला आणि सांगितलं, “आमच्यात दगडाला मान नाही. ऐकीव गोष्टही आम्ही चाळून घेतो. कोणी सांगितलं, त्यानं कोणाकडून ऐकलं, माणूस सचोटीचा होता का. तू कोणाकडून ऐकलंस?”

“ऐकायचा कशाला? डोल्यांनी बगलाय!”

“पण पाटा मागणारीही तूच आणि साक्षीदारही तूच. दुसरा कोणी आण.”

त्यांनी भिवाजीला उभं केलं. भिवाजी म्हणाला, “मी ताटात बगीत व्हतो, पाट्याकरं कशाला बगू?” पाटा बांधावरच राहिला. घरी आल्यावर भिवाजीला दोन दिवस ताटही दिसलं नाही.

पाच वर्षं गेली. बिशपसाहेबांचं उत्तर आलं नाही, फादर मिंगेलांची मात्र बदली झाली. मौलवींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. नवे फादर आणि मौलवी यांची चांगली गट्टी जमली आणि दोघांनी मिळून बांधावर काळुराम नावाचा राखणदार बसवला. कोणी काही नवीन सांगितलं तर ‘कोणाकडून ऐकलंत’ हे विचारूनच वहीत लिहायचं, अशी त्याला ताकीद होती.

सत्तावनच्या चैत्रात तुळसाबाई परत गेल्या, तेव्हा काळुराम दोन्ही गुरुजनांसमोर भाविकांना सांगत होता, “तुळसा नावाची एक बाई हा दगड माझा म्हणून आली, आणि जागच्या जागी मुकी झाली!”

“मुकी नाय झाली!” तुळसाबाई ओरडल्या.

“कोणाकडून ऐकलंत?”

एवढ्या वर्षांत तुळसाबाईही शहाण्या झाल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलल्या. “माजे आयकरशी. मनुबाय तिचा नाव. ती सांगं, यो पाटा तुलसाचाच हाय.”

मौलवींनी मान डोलावली. मनुबाईची सचोटी विचारली गेली. दोन म्हाताऱ्यांनी शपथेवर सांगितलं, की मनुबाई मेली पण खोटं बोलली नाही. फादरही म्हणाले, याला हरकत घेता येणार नाही. काळुरामनं वहीत लिहिलं: पाटा तुळसाचा. मला सांगताना तुळसाबाई इथं हसायच्या.

“मंग उचलू?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही कशा उचलाल? तुळसा येईल तेव्हा तिला देऊ.”

“आरं, मीच तुलसा!”

काळुरामनं वही पुन्हा उघडली, पेन्सिल जिभेला लावली आणि अगदी अदबीनं विचारलं, “तुम्ही तुळसा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“आयनी,” तुळसाबाई म्हणाल्या, आणि तिथंच पाट्याशी बसून रडल्या.