स्थळ बघायला सिगिशोआराला

आमच्याकडं मुलीचं लग्न ठरायच्या आधी चार माणसं मुलाच्या गावी जाऊन घर बघून येतात. विहिरीत वाकून बघतात, गोठ्यात डोकावतात, आणि निघता निघता त्यातला एक जण हळूच शेजारच्या घरात शिरतो. खरी चौकशी तिथं होते. माझ्या लेकीच्या बाबतीत अडचण एवढीच होती की मुलाचं गाव रुमानियात होतं.

लेक तिथल्या एका मोठ्या शहरात नोकरी करते. मुलगा तिच्याच ऑफिसातला, घर मात्र सिगिशोआरा नावाच्या छोट्या शहरात. मला आणि बायकोला मुलगा पसंत होता. पण लेकीनं साफ सांगितलेलं, "मोठे बाबा हो म्हणाले तरच लग्न." मोठे बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ, पिशोरला शेती करतो. तिचं निम्मं लहानपण त्याच्या खांद्यावर गेलंय. आणि दादा फोनवर इतकंच बोलला होता, "बघू." दादाचं 'बघू' म्हणजे नाही. फक्त ते समोरच्याला कळायला वेळ लागतो.

मग मी कंबर कसली. वाळूजच्या कंपनीत मी बाहेरून आलेल्या साहेबांना मशिनी दाखवत हिंडतो, तसं दादाला शहर दाखवायचं ठरवलं. रोज जेवण झालं की सिगिशोआराचा अभ्यास. बायको म्हणायची, "एवढा अभ्यास दहावीला केला असतात, तर आज मशिनी तुम्हाला कुणीतरी दाखवल्या असत्या."

शहर मोठं गोड निघालं. टेकडीवर किल्ला, आणि किल्ल्यात आजही लोक राहतात, गॅलरीत कपडे वाळत घालतात. दाराशीच घड्याळाचा उंच बुरूज. त्या घड्याळात लाकडी बाहुल्या, प्रत्येक वाराची वेगळी. वरच्या शाळेत जायला छप्पर घातलेला लाकडी जिना, पोरं बर्फात घसरू नयेत म्हणून. हे सगळं जर्मन बोलणाऱ्या कारागिरांनी उभारलेलं. एक जुना क्रूर सरदार तिथंच जन्मला असं सांगतात. तो भाग मी गाळला. मुलाच्या आजोबांच्या मेंढ्या आहेत, हा भागही गाळला.

त्याला कारण होतं. आमच्या घरातही आमच्या वडिलांपर्यंत मेंढरंच होती. "मेंढरामागून उठून शेतात यायला आपल्याला दोन पिढ्या लागल्या," असं दादा येता-जाता ऐकवतो. लेक विमानात बसून परत मेंढरांत पोचली, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगणार? मी लेकीला बजावलं, "तू किल्ला दाखव. मेंढ्यांचं नाव काढू नकोस."

ठरलेल्या रविवारी दादा पिशवीभर अद्रक घेऊन आला. टोपी-उपरणं असा पूर्ण पोशाख, खरंच स्थळ बघायला निघाल्यासारखा. येताना शेजारच्या काकांना रामराम घालून आला. त्या काकांशी माझं बोलणं शेवग्याच्या झाडावरून बंद आहे, म्हणून मी आत बघत राहिलो.

फोन टीव्हीला जोडला. तिकडं मुलगा फोन धरून गल्लीतून चालत होता, लेक त्याच्याबरोबर दुभाषी म्हणून. मी छडी घेऊन टीव्हीशेजारी उभा.

"दादा, आपल्याकडं शहराला बावन्न दरवाजे होते म्हणतात आणि आता मोजकेच उरलेत ना? तसे यांचे बुरूज. एकेक बुरूज एकेका धंद्याच्या लोकांनी सांभाळायचा. हा बघ शिंप्यांचा. तो चांभारांचा. पलीकडं खाटकांचा, कथील-काम करणाऱ्यांचा..."

दादा सोफ्यावर पुढं सरकला. "आस्सं. मंग पोराचा बुरूज कंचा?"

बायकोनं कपाळाला हात लावला. खड्डा मीच खणला होता, छडी घेऊन.

"कोणताच नाही, मोठे बाबा," टीव्हीतून लेक म्हणाली. "ते जुने लोक जर्मनीला निघून गेले. घरं रिकामी पडली, तेव्हा याचे आजोबा बाहेरून येऊन राहिले."

"बाहिरून म्हंजे?"

"डोंगरातून."

"डोंगरात काय करायचे?"

"दादा, घड्याळ बघ, आता बाहुली फिरणार!" मी ओरडलो. ती बाहुली रात्री बारालाच फिरते, हे मी स्वतःच वाचलं होतं. आम्ही सगळे बाहुलीकडं बघत बसलो. बाहुली आमच्याकडं बघत राहिली.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. "शेजारी कोण ऱ्हातं? फोन त्येंच्याकडं दे म्हणा. आन् पोरानं लांब उभं ऱ्हायचं."

मुलानं गुपचूप शेजारचं दार वाजवलं आणि गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. दारात एक म्हातारी आली, हात पिठानं माखलेले. लेकीनं काय विचारलं कुणास ठाऊक, बाईचं तोंड जे सुरू झालं ते थांबेचना. मध्ये दोनदा तिनं भिंतीकडं बोट केलं.

"काय म्हंती?"

"मुलगा चांगला आहे म्हणते."

"एवढं लांबडं बोलली आन् एवढंच? खरं सांग, बाई."

लेकीनं श्वास घेतला. "ती म्हणते, यांच्या तळघरात आजोबांनी मेंढीचं चीज भरून ठेवलंय, उन्हाळ्यात भिंतीवरून वास येतो. त्यांचा मेंढ्यांचा कुत्रा हिच्याच उंबऱ्यात झोपतो. म्हातारा डोंगरावरून आला की दरीपलीकडं ऐकू जाईल असं बोलतो. या मुलानं लहानपणी चेंडूनं खिडकी फोडली, ती काच अजून नीट बसली नाही. आणि बर्फ पडलं की हिच्या दारातलं बर्फ हाच काढतो, पण सकाळी सकाळी फावडं एवढं वाजवतो की झोपमोड होते."

मी छडी खाली ठेवली. झालं, म्हटलं.

दादानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मेंढरं किती हायेत?" त्यानं विचारलं. आणि मग, "म्हाताऱ्याला बोलवा."

आजोबा आले. डोक्याला काळी लोकरीची टोपी, पडद्यावर निम्मं नाकच. दादाचे प्रश्न सुरू झाले: पावसात खुरं सडतात का, कातरणी कधी करता, खतासाठी शेतात मेंढरं बसवता का. दोघंही दरीपलीकडं बोलल्यासारखे ओरडत होते, लेक मध्ये घामाघूम. मागं अभ्यास केलेला माझा आख्खा किल्ला उभा होता. त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं.

मी हळूच म्हटलं, "दादा, मेंढरांच्या घरात पोर द्यायची..."

"पोर हापिसात चाललीय, मेंढरामागं नाय. आन् तू कामून लपवलं रं? बुरूज दाखवतोय मला!" मग टीव्हीकडं बघून म्हणाला, "शेजारीण नुसतं गोड बोलली असती, तं म्या उठलो असतो. पढवलेली हाय म्हणलो असतो. आपल्याकडून व्हय म्हणून सांग त्येंला."

बायको पदरानं डोळे पुसायला लागली. तिकडं लेकही तेच करत होती. तेवढ्यात आजोबांनी काहीतरी विचारलं आणि लेक रडता रडता हसायला लागली.

"पप्पा, आजोबा म्हणतात, ही पद्धत फार चांगली आहे. आता त्यांना तुमच्या शेजाऱ्याशी बोलायचंय. त्यांचा होकार त्यानंतर."

"दुसऱ्या बाजूचे शेजारी चालतील का?" मी म्हटलं.

"ज्येंला म्या रामराम घातला त्येंलाच दे," दादा म्हणाला. "आन् तू लांब उभा ऱ्हाय."

टीव्हीचा फोन सोडवून आम्ही दोघं शेजारी गेलो. काकांनी दार उघडलं. मला बघून चष्मा लावला. दादाकडून सगळं ऐकून घेतलं, फोन हातात घेतला आणि माझ्या डोक्यावरून दादाला विचारलं, "खरं सांगू का चांगलं सांगू?"

"खरं!"

मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. काका पाण्यापासून सुरू झाले: नळाला पाणी आलं रे आलं की हा सगळ्यांच्या आधी मोटर लावतो. मग गाडी फाटकासमोर लावतो. मग भाचीच्या लग्नातला माझा नाच. हातवारे करून, तब्येतीत. नाचाचं तर त्यांनी करूनच दाखवलं. फोनमधून म्हाताऱ्याचं गडगडाटी हसू गल्लीभर ऐकू येत होतं. शेवटी काकांनी, काकूंच्या आजारपणात मी त्यांना गाडीतून दवाखान्यात नेलं होतं, तेही सांगितलं; पण गाडीत ब्रेक फार जोरात मारतो म्हणाले.

"पप्पा," फोनमधून लेकीचा आवाज आला, "आजोबा हो म्हणाले!"

मी फोन घ्यायला हात पुढं केला. काका फोन सोडेनात.

"थांबा हो," ते म्हणाले, "शेवग्याचं सांगायचं राहिलंच."