सत्यशीलाच्या हातचं पाणी

वडवणीकडच्या आमच्या गावात बोअरला खारट पाणी लागलं, म्हणून अजिनाथनं शेततळ्यात कोळंबी सोडली. लोक हसले. शेजारी असून मीही हसलो. पण ते तळं चालवलं त्याच्या बायकोनं, सत्यशीलानं. कोळंबीची घाण आणि उरलेलं खाद्य तळाशी सडतं, पाणी विषारी होतं. ती घाण खाणारे चांगले जिवाणू सत्यशीला ड्रममध्ये गूळ घालून वाढवायची आणि तळ्यात सोडायची. दर खेपेला बादलीभर ड्रममध्येच मागं ठेवायची, विरजणासारखं. जिवाणूंची पाकिटं विकणारा कंपनीवाला सांगून थकला, की दर वेळी नवं पाकीट वापरा. ती कुणाचं ऐकते!

उन्हाळ्यात तिला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. सुतक फिटलं तशी अजिनाथच्या थोरल्या बहिणीनं, भिवराबाईनं, रिवाजाप्रमाणे घरातलं साठवणीचं सगळं पाणी फेकलं. ड्रमही पालथा घातला, घासून ठेवला. मला त्या बाईचा भयंकर राग आला. पण तिचं तरी काय चुकलं? तिला ते शिळं पाणीच वाटलं.

अजिनाथ रिकाम्या ड्रमला कान लावून बसायचा. आत बुडबुडे वाजतात म्हणायचा. मला भीती वाटायची, खोटं कशाला सांगू?

शेवटी मी म्हणालो, "बीडला पाकीट मिळतंय. उद्या आणतो."

"ते तिच्या हातचं हाय का?"

मग त्यानं तळ्याच्या बुडाचा गाळ काढून ड्रममध्ये घातला. दोन वर्षं तिनं जे सोडलं ते तिथंच असणार, असं त्याच्या मनानं घेतलं. वर गूळ, पाणी. तिसऱ्या दिवशी सडक्या अंड्यांचा वास सुटला. सत्यशीलाच्या ड्रमला ताकासारखा आंबूस वास असायचा.

"अजिनाथ, हे नासलंय. तळ्यात टाकू नको."

"गप बे. ती हाय ह्याच्यात."

आठ दिवस तो रोज ते ओतत राहिला. नवव्या सकाळी सगळी कोळंबी काठाला येऊन तडफडत होती. दुपारपर्यंत हालचाल थांबली. मी गेलो तेव्हा तो तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कडेवर बसला होता, ओंजळीत मेलेली कोळंबी घेऊन.

"राधाकिशन," तो हळूच म्हणाला, "ती न्हवती रं ह्याच्यात. मग ती हाय कुठं?"