कोकणात जाणारी चावीची गाडी

"आधी गाव सांगा," असं म्हणून ती इंजिनावर तळहात पालथा ठेवायची. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. आगगाडी विकत घ्यायला आलेल्या माणसाचं गाव हिला कशाला हवं?

"गाव म्हणजे? मी ठाकूरद्वारला राहतो."

"राहता हो. पण गाव कुठलं? गाडी जाणार कुठं?"

"गाडी आमच्या घरी जाणार. पलंगाखाली फिरणार."

मग ती हसायची आणि हात तसाच ठेवायची.

गिरगावातल्या एका चाळीच्या तळमजल्यावर तिचं दुकान होतं, चावीच्या आगगाड्यांचं. शेजारच्या गाळ्यात छापखाना होता आणि तिथं मी मुद्रितं तपासत असे. डोळे शिणले की मी उठून तिच्या दुकानात जाऊन बसायचो. सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. ती मला भाऊ म्हणायची. इतकी वर्षं मी तिला पाहिलं, पण तुम्ही मला तिच्याबद्दल काही नक्की विचाराल तर माझी पंचाईत होईल.

आता तिच्या नवऱ्याचंच बघा. तो परदेशी जाणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी होता. बंदराबंदरातून तो खेळण्यातल्या आगगाड्या आणायचा. इंजिनं, डबे, रूळ, सांधे, सिग्नल. त्यातून त्यानं हे दुकान काढलं. तो बोटीवर असला की ती दुकानात बसायची. एका सफरीत बोट परत आली आणि तो आला नाही. कुठल्याशा बंदरात उतरला होता म्हणे. मेल्याची बातमी नाही, जगल्याची नाही. चाळीतल्या बायका तिला संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर दर वर्षी घोळ घालत. काहीजणी बोलवत, काहीजणी टाळत. ती मात्र रोज ठसठशीत कुंकू लावून दुकानाच्या फळ्या काढायची, आणि कुणी बोलावलं तर जायची, नाही बोलावलं तर जायची नाही. तिच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही.

दुकानाच्या मधोमध मोठं टेबल होतं आणि त्यावर रूळ मांडलेले होते. रुळांच्या कडेनं पुठ्ठ्याची स्टेशनं होती. पनवेल, महाड, चिपळूण, राजापूर, कणकवली, कुडाळ. नवीन माणूस ते वाचायचा आणि पुन्हा बुचकळ्यात पडायचा. कारण त्या काळी कोकणात रेल्वे कुठं होती? कोकणात जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट, नाहीतर हाडं खिळखिळी करणारी मोटार. हिनं आपली कोकणात रेल्वे नेऊन ठेवलेली.

"वहिनी, ही लाइन कुठं आहे?" मी एकदा विचारलं होतं.

"ही काय," ती टेबलाकडं बोट दाखवून म्हणाली.

फोर्टातल्या मोठ्या दुकानांत काचेच्या कपाटांतून लखलखीत गाड्या मांडलेल्या असत. त्यांना हात लावू देत नसत. हिच्याकडं उलटं. गाडी बघायला आलेल्या माणसाला ती चावी हातात द्यायची. दुसरीकडून घेतलेलं बिघडलेलं इंजिन आणलं तरी उघडून बसायची. विकायची घाई तिला कधीच नव्हती. उलट विकताना तिचा हात आखडायचा. असं दुकान चालतं कसं, हे मला कळायचं नाही. पण तिथून कुणाला लवकर उठवत नसे, हेही खरं. मी स्वतः साहेबांच्या शिव्या खाऊन तिथं बसलेला असायचो.

रविवारी लालबाग-परळकडून गिरणीतली माणसं यायची. विकत घ्यायला नव्हे, बघायला. ती नाव विचारायची नाही, गाव विचारायची. मग त्या गावाच्या नावाचा पुठ्ठा कात्रीनं कापून, त्यावर बोरूनं अक्षरं काढून तो रुळाशेजारी उभा करायची. मग गाडी सोडायची. साच्यांच्या खडखडाटात उभं राहून कान बधिर झालेला एक म्हातारा हटकून भांडायचा.

"वयनी, आमच्या गावाक गाडी खंय येतली? मधी खाडी आसा!"

"पूल घालू," ती म्हणायची, आणि फुटपट्टी आडवी टाकायची.

स्टेशनांचा क्रम चुकायचा. त्यावरून माणसं हमरीतुमरीवर यायची. ती प्रत्येकाचं ऐकायची आणि प्रत्येकाच्या सांगण्याप्रमाणं पुठ्ठा हलवायची. संध्याकाळपर्यंत कोकणाचा नकाशा कुणालाच ओळखू येत नसे.

डिलाईल रोडच्या चाळीतून एक तरुण यायचा. गिरणीतच होता, रात्रशाळेत शिकत होता. नुकतीच त्याच्या घरानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. पहिल्यांदा तो दारातच उभा राहिला. तिनं गाव विचारलं. त्यानं सांगितलं, पण पुढं म्हणाला, "आमची वाडी गावाबाहेर आहे. गाडी तिथं थांबेल असं वाटत नाही."

दुकानात बसलेल्यांनी माना खाली घातल्या. तिनं कात्री उचलली.

"स्टेशन गावाबाहेरच असतं की हो," ती म्हणाली. "गावातल्यांनी चालत यायचं तुमच्याकडं."

आणि तिनं वाडीचंच नाव लिहून पुठ्ठा उभा केला. तिनं विचार करून म्हटलं की सहज तोंडातून गेलं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तो मात्र त्यानंतर दारात उभा राहिला नाही. आत येऊन माझ्या शेजारी बसू लागला.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मुंबई कुणाची, यावरून सगळं शहर पेटलेलं. आमच्या छापखान्यात पत्रकं छापून छापून शाई संपायची. एकदा वाळकेश्वरकडचा एक गृहस्थ मोटारीतून आला. मोठं इंजिन त्याला हवं होतं. तिनं गाव विचारलं.

"मुंबई!" तो ठासून म्हणाला. "आमच्या तीन पिढ्या मुंबईत आहेत."

बाकावरचे सगळे ताठ झाले. आता खडाजंगी होणार असं मला वाटलं.

"मुंबईहून सुटते," ती शांतपणे म्हणाली. "मुंबईहूनच सुटणार. पण जाणार कुठं?"

गृहस्थानं टोपी काढून हातात घेतली. मग काहीशा पडेल आवाजात त्यानं काठेवाडातल्या एका खेड्याचं नाव घेतलं. तिनं पुठ्ठा कापला, त्यालाच विचारून नाव लिहिलं आणि इंजिनावरचा हात काढला. ती आमच्या बाजूची होती की त्यांच्या, यावर त्या दिवशी बाकावर बराच वाद झाला. मी दोन्हीकडून मान हलवली.

एका दुपारी कोपऱ्यावर लाठीमार सुरू झाला. अश्रुधुरानं गल्ली भरली. मी छापखान्याचं दार लोटून तिच्याकडं पळालो. माझ्या पाठोपाठ मोर्चातली दहाबारा माणसं घुसली. घामानं निथळलेली, एकाच्या कपाळातून रक्त येत होतं. ती म्हणाली, "टेबलाभोवती बसा." सगळे बसले. तिनं जखमी माणसाच्या डोक्याला आपला ओला पंचा बांधला आणि गाडी सुरू केली.

दारात हवालदार आला.

"एवढी माणसं कसली?"

"गिऱ्हाईकं."

"याच्या डोक्याला काय झालं?"

"गाव कुठलं तुमचं?" तिनं विचारलं.

"बाई, मी विचारतोय त्याचं उत्तर द्या!"

"देते. गाव कुठलं?"

हवालदारानं इकडंतिकडं पाहिलं. "खारेपाटण," तो चिडून म्हणाला.

तिनं इंजिन उचलून राजापूरच्या पुढं ठेवलं आणि चावी त्याच्यापुढं धरली. का कोण जाणे, त्यानं लाठी काखेत मारली आणि चावी घेतली. पिळत राहिला, पिळत राहिला. आतून कडकन आवाज झाला. इंजिन जागच्या जागी थरथरलं आणि गप्प झालं.

"तुटली काय?" हवालदारानं हळूच विचारलं.

"तुटली."

त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. चावी टेबलावर ठेवून तो पाठमोरा झाला आणि निघून गेला. कशाला आला होता ते बहुधा विसरला. 

"वहिनी, मुद्दाम केलंत ना?" मी नंतर विचारलं.

"स्वतःहून कोण स्प्रिंग मोडून घेईल, भाऊ?" ती त्रासून म्हणाली, आणि इंजिनाचे स्क्रू काढायला बसली.

काही दिवसांनी तोच हवालदार धोतर नेसून, टोपी घालून आला. स्प्रिंग झाली का, एवढंच विचारायला. बाकावर त्याला जागा करून देताना जखमी झालेल्या माणसानं कपाळावरची पट्टी आणखी खाली ओढली.

पुढं आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी माल यायचा बंद झाला. कपाटं रिकामी होत गेली. दुकान दुकानासारखं राहिलं नाही, तरी रविवारी बाक भरलेलाच. मग महाराष्ट्र राज्य झालं. गिरगावात रोषणाई झाली, गुढ्या उभारल्या, पेढे वाटले. त्या धामधुमीतल्या एका दुपारी तो माणूस आला.

पन्नाशीचा असेल, पण खंगलेला. बुशशर्ट अंगावर लोंबत होता. दारातून तो टेबलाकडं बघत राहिला. दुकानात आम्ही दोघंच होतो, ती आणि मी. तिनं नेहमीसारखा इंजिनावर हात ठेवला आणि गाव विचारलं. आवाज नेहमीचाच होता. निदान मला तसा वाटला.

त्यानं एक गाव सांगितलं. खाडीकाठचं असावं, मी ते ऐकलेलं नव्हतं. मग तो वाकून एकेक पुठ्ठा वाचू लागला.

"ते नाही इथं," तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "तिथं गाडी जात नाही."

खाडीवर पूल घालणारी, वाडीला स्टेशन देणारी ती बाई हे म्हणाली. मी चमकून वर पाहिलं. तो सरळ झाला. बाकावर बसला आणि खोकत राहिला. तिनं समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. कप आला तसा तिनं तो बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी त्याच्या हातात दिली. तोही प्याला. मला ती इतकी वर्षं चहा देत आली होती, पण माझा कप तिनं कधी बशीत ओतला नव्हता.

तो गेल्यावर मी विचारलं, "कोण हो, वहिनी?"

"गिऱ्हाईक."

कुंकू तेवढंच ठसठशीत होतं, ना कमी ना जास्त. चाळीत चर्चा झाली. कुणी म्हणे नवरा, कुणी म्हणे नवऱ्याचा बोटीवरचा सोबती, निरोप घेऊन आला असेल. मी पाहिलं होतं, म्हणून मला विचारत. मी काय सांगणार?

त्यानंतर पावसाळा गेला, आणि बोटी पुन्हा सुरू झाल्या त्या सुमारास एका सकाळी दुकानाच्या फळ्या निघाल्या नाहीत. चारपाच दिवस तसेच गेले. मग वडाळ्याला राहणारी तिची भाची दुकान आवरायला आली. टेबल न्यायला डिलाईल रोडचा तो तरुण चौघांना घेऊन आला. त्यांच्या चाळीतल्या वाचनालयाला ते देऊन टाक, असं वहिनीनं भाचीला सांगितलं होतं.

"वहिनी कुठं आहेत?" मी भाचीला विचारलं.

"मावशी गेली बोटीनं. त्या आजारी माणसाला घेऊन. तो परळला दवाखान्यात पडून होता. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या."

"ते त्यांचे यजमान होते का?"

"मी विचारलं तिला. म्हणाली, एकट्याला बोटीवर कोण चढवणार?" भाची पुठ्ठे गोळा करता करता थांबली. "पोचवायला मी धक्क्यावर गेले होते. काय सांगू तुम्हाला! मावशीचा चढलेला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तिथं ती त्याच्याशी भांडत होती. फळीवरून त्याला धरून चढवताना भांडत होती, सतरंजी पसरून त्याला निजवताना भांडत होती. माणसं वळून वळून बघायला लागली. मला इतकी लाज वाटली."

"काय बोलत होत्या?"

"भोंगा वाजत होता, काही कळेना. बोट लांब गेली तरी तिचे हात हलताना दिसत होते."

"आणि तो?"

"तो?" भाची म्हणाली. "पडल्या पडल्या ऐकत होता."