निळ्या काठाची थाळी

साल्विनाशी कोणी सरळ बोललं तरी ती वाकडं उत्तर द्यायची. वाकडं बोललं तर मग विचारूच नका. व्हॅलेटाच्या उतरत्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी ही बाहत्तर वर्षांची विधवा. सगळा जन्म पाद्र्यांचे झगे आणि वेदीवरची वस्त्रं इस्त्री करण्यात गेला. नवरा कबरीत, मुलगा ऑस्ट्रेलियात, आणि दोघेही तिच्या तोंडाला कंटाळूनच गेले असं गल्ली म्हणायची. गल्लीला दुसरा उद्योग काय होता म्हणा!

तिचं खरं हाडवैर मात्र एकाच माणसाशी, धाकट्या बहिणीशी. बावीस वर्षांपूर्वी आई गेली आणि शवपेटी जिना उतरायच्या आत दोलोरेसने स्वयंपाकघरातली निळ्या काठाची थाळी शालीखाली दडवून नेली. दागिने नेले असते तर साल्विनाने एक वेळ सोडून दिलं असतं. त्या थाळीत आई दर वर्षी जुलबिएना नावाचे कोंब लावायची. ईस्टरआधीच्या उपवासात ओल्या कापसावर दाणे पसरायचे, थाळी कपाटात कोंडायची, कपाटाच्या फटींत चिंध्या कोंबायच्या. उजेड न लागता वाढलेले कोंब पांढरेशुभ्र होतात, म्हातारीच्या केसांसारखे थाळीबाहेर लोंबतात, आणि पवित्र गुरुवारी ते वेदीपुढे मांडले जातात. उजेडाची तिरीप लागली की संपलं, हिरवे झाले. मग ती थाळी लावणारीचं नाव वर्षभर गल्लीच्या तोंडी.

बावीस वर्षं साल्विना एकाच गोष्टीवर टपून होती. त्या चोरलेल्या थाळीत एकदा तरी हिरवं उगवावं, आणि ते दोलोरेसला तोंडावर सांगता यावं.

गुड फ्रायडेच्या सकाळी सात चर्चांना भेट द्यायची, हा नेम दोघींनी आईकडून घेतलेला. साल्विना खालच्या नन्सच्या मठापासून सुरुवात करायची, दोलोरेस वरच्या फ्रान्सिस्कन साधूंकडून. वाटेत गाठ पडलीच तर एक जण फुटपाथ बदलायची. पन्नास वर्षांत साल्विनाची एकही भेट चुकली नव्हती. या वर्षी गुडघ्याने दगा दिला. पण ज्याला चालवत नाही त्याने एकाच चर्चमध्ये सात वेळा आत-बाहेर केलं तरी सात भेटी धरतात. म्हणून ती काठी टेकत शेजारच्या जुन्या मठाच्या चर्चमध्ये आली.

दारात बोटीवरून उतरलेले पर्यटक छताचे फोटो काढत होते.

"सरका! देव खाली आहे, वर काय बघताय?" ती खेकसली आणि कोपराने वाट काढत वेदीशी पोचली.

पांढऱ्या थाळ्यांच्या मधोमध निळ्या काठाची थाळी होती. हिरवीगार.

साल्विनाने दोनदा डोळे पुसून पाहिलं. सुतकाच्या दिवशी हसू नये म्हणून तिने ओठ दाबून धरले, तरी ते फुटलंच.

तेवढ्यात एक बाई बाकांच्या कडा चाचपत आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. ती दोलोरेसच होती, पण तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

"बाई, जरा सांगता का?" दोलोरेस हळूच म्हणाली. "निळ्या काठाची थाळी आहे ना, तिच्यातले कोंब पांढरे आहेत ना हो? मला आता नुसत्या सावल्या दिसतात. सात ठिकाणी फिरणंही सुटलं, इथेच आत-बाहेर करते."

साल्विनाला बावीस वर्षांत अशी संधी मिळाली नव्हती.

"हिरवे! बकरी चरून जाईल इतके हिरवे! कपाट उघडं टाकलंस, आंधळे!"

दोलोरेसने आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग तिचा चेहरा एकदम खुलला.

"साल्विना! तू होय? मग पांढरेच असणार. माझं काही चांगलं झाल्याचं तुझ्या तोंडून कधी निघालंय?"

"अगं, देवासमोर उभी राहून खरं सांगतेय!"

"देवासमोर तर तू जास्तच फेकतेस. आणि आईची थाळी आहे ती. तिच्यात हिरवं उगवेल? जळ तू!"

ती ताठ मानेने दुसऱ्या भेटीसाठी बाहेर पडली. साल्विना जागच्या जागी उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा ती बहिणीशी खरं बोलली होती, आणि बहीण त्यावरच खूश होऊन गेली होती. साल्विनाला संताप आला, आणि तरी तिची नजर बाकांच्या कडा चाचपत गेलेल्या बहिणीमागे दारापर्यंत गेली. त्याचा तिला आणखी संताप आला.

सेवेकरी विस्तिन लगबगीने आला. "बाई, ही हिरवी मागे ठेवतो. काल गर्दीत लक्षच गेलं नाही. बायका हसतायत."

"हात लावून बघ," साल्विनाने काठी उचलली. "माझ्या आईची थाळी आहे ती."

"पण ती हिरवी—"

"तुझ्या बापाच्या मिशा हिरव्या! हो मागे!"

ती पहिल्या बाकावर ठाण मांडून बसली. दोलोरेस पुन्हा आत आली, तिने वेदीजवळच्या एका शेजारणीला पुन्हा तेच विचारलं. शेजारीण तोंड उघडणार तोच साल्विनाची काठी फरशीवर आपटली. शेजारणीने काठीकडे पाहिलं, काठीवाल्या बाईकडे पाहिलं.

"पांढरे आहेत," ती म्हणाली.

दोलोरेसच्या सातही भेटी अशा पुऱ्या झाल्या. साल्विनाची एकच झाली. त्या दिवशी घंटा मुक्या असतात, म्हणून दुपारी प्रार्थनेसाठी गच्चीवर लाकडी खडखडा वाजला आणि ती दचकली. आता गुडघा उचलून उरलेल्या सहा भेटी होणार नव्हत्या.

जाता जाता दोलोरेस काठी आपटत होती त्या बाकाच्या दिशेने वळली.

"काय गं, बसलीयस अजून? अजून हिरवेच दिसतायत का?"

"हिरवेच," साल्विना खेकसली. "शेवाळासारखे."

दोलोरेस हसत हसत दाराबाहेर पडली.